वाढत्या अंगाचं खोगीर

माझ्या दोघा नातवंडांनो,

गेल्या रविवारी कॉम्प्युटरवर बोलताना मोठीने सांगितलं की ती स्वतःचं खोगीर विकत घेणार आहे. त्यावर धाकटा हसत म्हणाला, "आजी वन्स स्टार्टेड अ वॉर ओव्हर अ सॅडल." तुमची आईही हसली. म्हणजे ही गोष्ट कॅनडात विनोद म्हणून सांगितली जाते. मी तेव्हा गप्प बसले, कारण कॉम्प्युटरवर भांडण नीट होत नाही, ऐन वेळी चित्र थांबतं. म्हणून लिहिते आहे. खोगीर घेण्याआधी हे तुमच्या हातात पडायला हवं. तुमच्या आईने वाचून दाखवताना मधली वाक्यं गाळू नयेत. तिला न आवडणारीही त्यात आहेत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही शारजात अल मजाजला राहायचो आणि तुमचे आजोबा दुबईत एका कंपनीच्या ड्रॉइंग ऑफिसात होते. त्यांचे साहेबही मराठी, पुण्याचेच. त्यामुळे ऑफिस संध्याकाळी सुटलं तरी आमच्या मागचं सुटायचं नाही. साहेबांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणायचे. हळदीकुंकू कोणाच्या घरी, कोणाला कोणाच्या गाडीतून आणायचं, कोणाच्या मुलाने कुठली शाळा धरावी, हे त्या ठरवत आणि बाकीच्या बायका मान हलवत. मला ती बाई पहिल्या भेटीपासून आवडली नाही. तिलाही मी आवडले नव्हते. तेवढ्या एका बाबतीत आमचं एकमत होतं.

आमच्या लोकांत तिथे एक रीत होती. मोठ्या मुलांच्या वस्तू लहान मुलांकडे जायच्या. युनिफॉर्म, पुस्तकं, सायकली, पाळणे, सगळं फिरत असायचं. रीत वाईट नव्हती. फक्त प्रत्येक वस्तूबरोबर एक वाक्य यायचं, "वाढत्या अंगाचं आहे, पुढची काही वर्षं बघायला नको." पोराच्या अंगाला बरोबर बसणारी वस्तू घेणं म्हणजे उधळपट्टी, अशी आपल्या लोकांची ठाम समजूत. बाही मनगटाखाली लोंबली पाहिजे, फ्रॉकला आत हातभर कापड दुमडलेलं पाहिजे. बूट मोठे असले तर पुढे कापूस भरायचा. मीही तशाच कपड्यांत वाढले. कपड्यांबद्दल माझी तक्रार नाही.

तुमची आई त्या वर्षी तेरा वर्षांची होती आणि शहराबाहेरच्या एका तबेल्यात दर शुक्रवारी सकाळी घोड्यावर बसायला जायची. माझे वडील पुण्याजवळ एका घोड्यांच्या फार्मवर डॉक्टर होते, त्यामुळे हे वेड माझ्याकडूनच तिच्याकडे गेलं असणार. तबेल्यात एका वयस्क अरब गृहस्थांची पांढरी घोडी होती. शर्यतीतून निवृत्त झालेली, लहान डोक्याची, मोठ्या डोळ्यांची. ते तिला मुलांना बसायला देत. त्यांनी एकच अट घातली होती, की हिच्या पाठीला जपा. तुमची आई आणि ती घोडी यांचं एवढं जमलं की घोडी तिचा आवाज ऐकून मान वर करायची. तोपर्यंत तुमची आई तबेल्याचं जुनं, सपाट, घासून काळं पडलेलं खोगीर वापरायची आणि कोणाला काही होत नव्हतं.

मग वहिनींच्या घरी गणपती आले. वहिनींची मुलगी तेव्हा नुकतीच इंग्लंडला शिकायला गेली होती. ती उंच मुलगी, आणि तिचा घोडाही दांडगा, लांब पाठीचा, परदेशातून आणलेला. आरती झाल्यावर वहिनींनी आतून तिचं खोगीर आणवलं. बदामी रंगाचं, तेल पाजून चमकवलेलं. त्यावर त्यांनी हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं आणि सगळ्यांच्या देखत ते तुमच्या आईच्या हातात दिलं. त्याच्या वजनाने तिचे हात खाली गेले. "वाढत्या अंगाचं आहे," वहिनी म्हणाल्या. "लग्नापर्यंत पुरेल."

टाळ्या वाजल्या. आजोबा दोन्ही हात जोडून उभे होते. मी खोगिराची लांबी बघितली, त्याची पुढची कमान बघितली आणि मला कळलं की हे त्या घोडीला बसणार नाही. मी म्हटलं, "आधी घोडीच्या पाठीवर ठेवून बघू." वहिनी हसल्या. "घोड्याला कसलं माप? तो काय शर्ट शिवायला टाकतोय?" सगळे हसले. आजोबाही. ते मी त्यांना कधी विसरू दिलं नाही.

आता नीट वाचा, कारण हे तुमच्या कामाचं आहे. खोगिराच्या आत एक कडक सांगाडा असतो. तो घोड्याच्या खांद्यांच्या मागे, मानेच्या शेवटी जो उंचवटा असतो, त्याच्या दोन्ही बाजूंनी बसतो. उंच, निमुळत्या घोड्याचा सांगाडा रुंद, गोल पाठीच्या घोड्यावर ठेवला, तर तो वर अधांतरी राहतो आणि खाली चिमट्यासारखा धरतो. उलट केलं तर तो मणक्यावर टेकतो. दोन्ही वाईट. मागच्या बाजूने खोगीर शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये, कारण तिथून मागे वजन पेलायला बरगड्यांचा आधार नसतो. अरबी घोड्यांची पाठ आखूड असते. वहिनींचं खोगीर आमच्या घोडीला पुढे चिमटत होतं आणि मागे कमरेवर पडत होतं. तुमची आई एवढीशी, ती त्या मोठ्या बैठकीत मागे घसरायची आणि तिचं सगळं वजन नेमकं त्या कमरेवर जायचं. पोरगी वाढेल, हे खरं. घोडीची पाठ वाढणार नव्हती.

ऊन कमी झालं, हंगाम सुरू झाला आणि महिनाभरात घोडी बदलली. तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आवळायला घेतला की कान मागे टाकायची. मग दात दाखवायला लागली. मी घरी आजोबांना सांगितलं की हे खोगीर परत द्यायचं. ते म्हणाले, खाली लोकरीचा जाड नमदा घाल, बूट मोठा झाला तर आपण दोन मोजे घालतोच की.

"आणि बूट चावत असला तर?" मी विचारलं. "तरी दोन मोजे घालता?"

"अगं, साहेबांच्या घरचं आहे ते. परत कसं द्यायचं?"

"गाडीतून."

त्यांनी पेपर उघडला. तिकडे नोकरी गेली की व्हिसा जातो आणि व्हिसा गेला की घर, शाळा, सगळं गुंडाळावं लागतं, ही भीती खरी होती. मला ती कळत होती. पण ती भीती घोडीच्या पाठीवर बांधायचं कारण नव्हतं. आणि तुमची आई त्यांच्या बाजूने होती, हेही लिहून ठेवते. ते बदामी खोगीर तिने आपल्या खोलीत खुर्चीवर मांडलं होतं. शाळेतल्या मैत्रिणींना दाखवायला आणायची. मी काही बोलले की, "मम्मा, यू आर जस्ट जेलस ऑफ देम." त्या वर्षी आमच्या घरात माझ्याशी सरळ बोलणारं कोणी नव्हतं.

रमजान लागायच्या आधीच्या शुक्रवारी, एक फेरी झाल्यावर तंग पुन्हा आवळताना, घोडीने तुमच्या आईला दंडाला चावलं आणि मग परत वर बसू दिलं नाही. तबेला चालवणारी इंग्रज बाई धावत आली. लाल चेहऱ्याची, सगळ्यांशी लहान मुलांशी बोलावं तसं बोलणारी. तिने जाहीर केलं की घोडी खुनशी झाली आहे. रमजानमध्ये तबेला अर्धवेळ चालायचा. ईदनंतर पहिल्या शुक्रवारी घोडी पुन्हा अशीच वागली, तर मालकांना सांगून ती वाळवंटातल्या फार्मवर पाठवून द्यायची आणि तुमच्या आईला दुसरा घोडा द्यायचा, असं तिने ठरवलं. फार्मवर पाठवलेले घोडे परत येत नसत, हे तबेल्यात सगळ्यांना माहीत होतं. तुमची आई दंड धरून रडत होती. चावल्यामुळे नव्हे.

मी त्या बाईला घोडीच्या पाठीवरचा घाम दाखवला. घोडा दमून आला आणि खोगीर उचललं की खालचा घाम सारखा दिसायला हवा. जिथे फार दाब पडतो, तिथे घामच येत नाही, कोरडा ठिपका राहतो. आमच्या घोडीच्या खांद्यांमागे दोन्ही बाजूंना तळहाताएवढे कोरडे ठिपके होते. मी कमरेवर बोटं दाबली तशी तिची पाठ खाली गेली. ती बाई म्हणाली की खोगीर उत्तम बनावटीचं आहे, तिने स्वतः वहिनींच्या मुलीसाठी निवडलेलं. मी म्हटलं, "मग त्या मुलीच्या घोड्याला फार छान बसत असेल." तिने मला विचारलं की मी शेवटची घोड्यावर कधी बसले. मी सांगितलं की माझी आई कधीच बसली नव्हती, तरी माझ्या वडिलांच्या फार्मवरचा कुठला घोडा दुखतोय हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून सांगायची. त्या बाईने खांदे उडवले. तिचं नाव खराब होईल म्हणून ती घोडी घालवायला तयार होती. असे लोक मला सगळीकडे भेटले आहेत, त्यात इंग्रज-मराठी असा फरक नाही.

तबेल्याचं जुनं खोगीर एव्हाना दुसऱ्या घोड्याला दिलेलं होतं, म्हणून मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. आजोबांच्या ड्रॉइंगच्या सामानात एक वाकणारी पट्टी होती, आत शिसं, बाहेर रबर. वाकवली की तशीच राहते. ती मी घोडीच्या पाठीवर तीन ठिकाणी आडवी दाबली आणि प्रत्येक आकार पुठ्ठ्यावर उतरवून कापला. आजोबांना पट्टीला घोड्याचा वास येतो म्हणून राग आला. ते पुठ्ठे घेऊन मी दुबई-शारजातली घोड्याच्या सामानाची दुकानं पालथी घातली. खोगीर उलटं करायचं, पुठ्ठा आत धरायचा, फट दिसली की पुढे. दुकानदार वैतागायचे. एकजण म्हणाला, "मॅडम, सॅडल चाहिए या सूट?" मी म्हटलं, "सूट. चार पैर वाला."

तुमची आई बरोबर असायची, तोंड फुगवून. तिला जे आवडायचं ते घोडीला बसायचं नाही. खोल, मऊ, मांड्यांना उशा लावलेलं एक खोगीर तिला सोडवेना. घोडीला जे बसलं, त्याची बैठक इतकी रुंद की हिचे पाय फाकून रिकिबीत नीट राहीनात. तेही मी घेतलं नाही. ही चूक उलट्या बाजूने होते. घोड्याचं सगळं बघायचं आणि स्वाराला म्हणायचं, सांभाळून घे. अवघडलेला स्वार तोल जाऊ नये म्हणून लगामाला लोंबकळतो, मग घोड्याचं तोंड दुखतं. एकाला बसलं आणि दुसऱ्याला बसलं नाही, तर ते दोघांनाही बसलं नाही.

शेवटी शेजारच्या अजमानमध्ये, देश सोडून निघालेल्या एका कुटुंबाने विकायला काढलेलं एक खोगीर मिळालं. काळपट, एका बाजूला ओरखडे, कुठल्याही फोटोत वाईट दिसेल असं. पण आखूड, रुंद, आणि आतल्या गाद्या दोन्ही बाजूंना सारख्या भरलेल्या. पुठ्ठा आत धरला तो कुठेही डुगडुगला नाही. खोगीर त्यांच्या सोफ्याच्या हातावर ठेवून तुमच्या आईला त्यावर बसवलं. तिच्या पाठीमागे माझा हात मावेल एवढी जागा राहिली, ना जास्त ना कमी. गुडघा जिथे यायला हवा तिथे आला. "इट लुक्स लाइक अ डेड बफेलो," ती म्हणाली. मी पैसे दिले. माझ्या शिकवण्यांचे होते, कोणाला विचारायचं नव्हतं.

रमजानभर घोडीला मी आराम द्यायला लावला. पाठीवर काही ठेवायचं नाही, नुसतं हाताने फिरवायचं. तबेल्यातल्या बाईला मी सांगितलं की मालकांची अट पाठीला जपायची आहे, हवं तर आपण दोघी मिळून त्यांना पाठ दाखवू. तिला ते नको होतं. त्यामुळे तिने ऐकलं.

ईदनंतरच्या शुक्रवारी वहिनी तबेल्यात आल्या. बरोबर आमच्यातल्या चार बायका, थर्मास, डबे. घोडीचा आज काय निकाल लागतो ते बघायला आल्या होत्या, मला वाटतं. तुमची आई घोडीला तयार करत होती. वहिनी जवळ गेल्या आणि थांबल्या.

"आमचं खोगीर कुठाय?"

तुमची आई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "माझ्या गाडीच्या डिकीत आहे. तुम्हाला द्यायलाच आणलंय."

"म्हणजे आमच्या मुलीचं उष्टं चाललं नाही तुम्हाला."

"मुलीचं चाललं असतं. तिच्या घोड्याचं चाललं नाही."

"भाऊजींना विचारलंत का हे करताना?" भाऊजी म्हणजे तुमचे आजोबा.

"भाऊजींच्या पाठीवर ठेवायचं असतं तर विचारलं असतं."

एका बाईला हसू आलं आणि तिने ते खोकल्यात घालवलं. वहिनी तिच्याकडे वळून बघेपर्यंत मी डिकी उघडली. खोगीर मी साबणाने पुसून, तेल लावून, जसं मिळालं त्याहून चांगलं करून ठेवलं होतं. आपल्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत, निदान चमचाभर साखर तरी घालतात. मी खोगिरावर साखरेची वाटी ठेवली होती. रीत म्हणून ठेवली होती आणि टोमणा म्हणूनही. दोन्ही नीट पोचलं. वहिनींनी वाटी उचलली आणि वाळूत उपडी केली. मग खोगीर आपल्या ड्रायव्हरला घ्यायला सांगितलं आणि मला म्हणाल्या, "तुम्हाला माणसं जोडता येत नाहीत. म्हणून जनावरांना धरून बसता."

तेवढ्यात तुमची आई तंग आवळायला लागली आणि मी घोडीचे कान बघायला वळले. पहिल्या भोकाला कान मागे गेले. घोडी वाट बघत होती, दुखणार म्हणून. दुसऱ्या भोकाला तिने मान वळवली आणि तुमच्या आईचा हात नुसता हुंगला. कान पुढे आले. तुमची आई वर बसली, घोडी हलली नाही. मग दोघी रिंगणात गेल्या आणि घोडीने पाऊल असं लांब टाकलं, जसं गणपतीपासून टाकलं नव्हतं. परत आल्यावर मी खोगीर उचललं. घाम सगळीकडे सारखा होता.

तबेल्यातल्या बाईने सांगितलं की हिवाळ्यात घोड्यांचा स्वभाव सुधारतोच. घोडी राहिली. माफी मला कोणी मागितली नाही आणि मी वाटही बघितली नाही.

त्या वर्षी संक्रांतीला मला बोलावणं आलं नाही. त्यानंतर कशालाच आलं नाही. उन्हाळ्याआधी आजोबांची अजमानच्या यार्डात बदली झाली. पत्र्याच्या केबिनमध्ये बसून त्यांनी तिथे पुढची काही वर्षं काढली. बदलीचं कारण कोणी दिलं नाही. आजोबा मला एवढंच म्हणाले की एका घोडीपायी तू मला उन्हात बसवलंस. मी म्हटलं की उन्हात तुम्हाला साहेबांनी बसवलं, त्यांच्याशी बोला. ते त्यांच्याशी कधी बोलले नाहीत. माझ्याशी काही दिवस फक्त जेवणापुरतं बोलायचे, मग हळूहळू सवयीने नीट बोलायला लागले. तुमची आई अल मजाजच्या त्या घरातून कॉलेजला जाईपर्यंत दर हंगामात त्याच घोडीवर बसली. ते खोगीर मोठं नव्हतं, म्हणून ती उंच झाल्यावर शेवटच्या वर्षी तिला अपुरं पडायला लागलं. मग आम्ही पुन्हा पुठ्ठे कापले आणि दुसरं शोधलं. हे असंच करायचं असतं. माणूस वाढला की पुन्हा मापं घ्यायची, आधीपासून मोठं घेऊन जनावराच्या अंगावर टाकायचं नाही.

मोठे, दुकानात तुला कोणी म्हणेल की हे थोडं वापरलं की बसेल, किंवा खाली पॅड घाल. तिथून निघ. खोगीर तुझ्या घोड्याच्या पाठीवर, पॅडशिवाय ठेवून बघ. पुढच्या कमानीखाली तुझी दोन-तीन बोटं जायला हवीत. मागच्या बाजूने वाकून बघितलंस तर मणक्याच्या वरून आरपार उजेड दिसायला हवा. मग वर बस आणि पुन्हा बोटं घाल, कारण तुझं वजन पडल्यावर सगळं बदलतं. भेट म्हणून कोणी देत असेल तर जास्त नीट बघ.

घोडी गेली, म्हातारी होऊन, त्याच मालकांच्या अंगणात. तबेला होता तिथे आता इमारती आहेत, असं ऐकते. आजोबांना जाऊनही काही वर्षं झाली. वहिनी आणि मी आता पुण्यात एकाच भागात राहतो. औषधांच्या दुकानात आमची गाठ पडते. ती आधी आली असेल तर मी बाहेर उभी राहते, मी आधी गेले असले तर ती. आमचं बोलणं त्या शुक्रवारी बंद झालं, ते अजून बंद आहे.